संत ऑगस्टीन आणि लोकापवाद

आजच्या अल्जीरियातील थगास्ते या गावी इ. स. ३५४ मध्ये ऑगस्टीनचा जन्म झाला. आई मोनिका ख्रिस्ती, श्रद्धाळू. मुलगा कार्थेजला शिकावयास गेला आणि लग्नाशिवाय एका स्त्रीबरोबर राहू लागला. त्यांना मुलगाही झाला. इराणकडील मानीच्या पंथात त्याने नऊ वर्षे घालविली. पुढे मिलान शहरी तो वक्तृत्वाचा प्राध्यापक झाला. तेथे चांगल्या घरची सोयरीक जमताच त्या स्त्रीला आफ्रिकेस परत पाठविण्यात आले. (तिचे नावसुद्धा त्याने कोठे लिहिले नाही. मला तरी हे फार खटकते.) ते लग्न झालेच नाही. ३८७ च्या ईस्टरला बिशप ॲम्ब्रोजच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला.

मायदेशी परतल्यावर लोकांनी त्याला हिप्पो येथे आग्रहाने पाळक केले. बिशप नेमण्याची वेळ आली तेव्हा कुजबूज वाढली. ज्येष्ठ बिशप मेगालियसने रागाच्या भरात त्याच्यावर आरोप करणारे पत्र लिहिले. आरोप टिकले नाहीत. मेगालियसने माफी मागितली आणि त्यानेच ऑगस्टीनला बिशपपदाची दीक्षा दिली. परंतु ते पत्र डोनाटस पंथीयांच्या हाती पडलेच!

३९७ च्या सुमारास ऑगस्टीनने 'कन्फेशन्स' लिहावयास घेतले. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर केलेल्या नासपतीच्या चोरीपासून सारे त्यात आहे. साहजिकच, पुढे डोनाटस पंथाचा बिशप पेटिलियन, जो मूळचा वकील, ऑगस्टीनचे जुने चाळे उकरू लागला, तेव्हा त्यात नवे असे थोडेच होते. बाप्तिस्म्यापूर्वीच्या आयुष्याचे समर्थन ऑगस्टीनने केले नाही. रोगाला जितकी नावे ठेवाल तितकी वैद्याची थोरवी वाढेल, असा त्याचा रोख होता. खोटे मात्र त्याने खपवून घेतले नाही. मानी पंथीयांविरुद्ध निकाल लागल्यामुळे तो आफ्रिकेतून पळाला, असा एक आरोप होता. त्यावर त्याने तारीखच पुढे केली: ३८५ च्या १ जानेवारीस आपण मिलानमध्ये कॉन्सल बाउटोच्या गौरवाचे भाषण करीत होतो, आणि तो निकाल त्यानंतरचा!

त्याच्या जेवणाच्या मेजावर, गैरहजर माणसाची निंदा करणाऱ्यास येथे जागा नाही अशा अर्थाच्या दोन ओळी होत्या. एकदा काही बिशप मित्र जेवताना तसलेच बोलू लागले. तेव्हा तो चिडून म्हणाला की, एकतर या ओळी पुसून टाका, नाहीतर मी उठून खोलीत जातो.