घर तुटू न देणारा कर्ता पुरुष : चाकण परगण्याचे धनी शहाजीराजे भोसले

चाकण : 23 जानेवारी हा शहाजीराजे भोसले यांचा स्मृतिदिन. शिवजयंतीला आपल्या तालुक्यात गावोगाव मिरवणूक निघते आणि ती निघायलाच पाहिजे. पण वडिलांचं नाव आपण शिवरायांच्या नावातलं मधलं नाव म्हणून घेतो आणि पुढं जातो. पुणे, सुपे, इंदापूर आणि चाकण हे परगणे ज्यांच्या जहागिरीत होते ते हे राजे. म्हणजे आपली जमीन एकेकाळी त्यांच्या घरची. म्हणून चाकणकरांनी तरी त्यांची आठवण काढायला हवी.

शहाजीराजांचा जन्म 1594 सालचा मानला जातो. वडील वेरूळचे मालोजीराजे, आई फलटणच्या नाईक-निंबाळकरांची लेक उमाबाई. नगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला म्हणून थोरल्याचं नाव शहाजी आणि धाकट्याचं शरीफजी ठेवलं असं सांगतात. मालोजीराजे इंदापूरला लढाईत पडले तेव्हा ही दोन्ही पोरं लहान होती. चुलते विठोजीराजे यांनी त्यांना पोटच्या पोरांसारखं सांभाळलं. चुलत्याच्या घरात वाढलेल्या पोराला घर काय असतं ते लवकर कळतं. शहाजीराजांचं पुढचं आयुष्य बघितलं की हे पटतं.

सासर-माहेरचं भांडण

त्यांचं लग्न सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या लेकीशी, जिजाऊंशी झालं. पण सोयरीक झाली म्हणून दोन घरं एक झाली असं नाही. एका बिथरलेल्या हत्तीवरून निजामशाही सरदारांमध्ये झटापट झाली आणि तिथं जाधव-भोसले आमनेसामने आले. दोन्ही घरचा एकेक तरणा माणूस गेला. सोयऱ्याधायऱ्यांत रक्त सांडल्यावर सुनेला माहेरी पाठवून देणारी घरं आपण आजही बघतो. इथं तसं झालं नाही. जिजाऊ भोसल्यांच्या घरातच मानानं राहिल्या.

1624 साली नगरजवळ भातवडीला मोठी लढाई झाली. मलिक अंबरच्या बाजूनं शहाजीराजे लढले आणि मोगल व आदिलशहा या दोघांच्या फौजांचा पराभव झाला. पण या लढाईत धाकटा भाऊ शरीफजी कामी आला. लहानपणी बाप गेला, ऐन उमेदीत पाठचा भाऊ गेला. घराची सगळी जबाबदारी एकट्यावर आली.

1629 च्या जुलैत निजामशहानं लखुजी जाधवरावांना दरबारात बोलावून दगा केला. लखुजी, त्यांचे दोन मुलगे आणि नातू एकाच दिवशी मारले गेले. सासऱ्यांशी शहाजीराजांचं वाकडं होतं, तरी हा घाव त्यांनी आपल्या घरावरचाच मानला आणि निजामशाही सोडली. त्या धामधुमीत जिजाऊ गरोदर होत्या. थोरला मुलगा संभाजीराजे यांची सोयरीक शिवनेरीच्या विश्वासरावांकडं झाली होती. त्यांच्या भरवशावर जिजाऊंना शिवनेरीवर ठेवलं. 19 फेब्रुवारी 1630 ला तिथंच शिवरायांचा जन्म झाला. बाप तेव्हा स्वारीवर होता.

त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं पुणे जाळलं आणि पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. जहागीर कागदावर होती, पण रानात पीक नव्हतं आणि गावात माणूस नव्हता.

निजामशाहीचा शेवटचा खांब

1633 ला दौलताबाद मोगलांनी घेतलं. सगळ्यांना वाटलं निजामशाही संपली. शहाजीराजांनी मात्र संगमनेरजवळच्या पेमगिरीवर निजामशहाच्या घराण्यातल्या एका लहान मुलाला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावानं तीन वर्षं कारभार चालवला. एका बाजूला शहाजहान, दुसऱ्या बाजूला आदिलशहा, असा तो काळ होता. शेवटी 1636 ला माहुलीच्या किल्ल्यावर वेढा पडला आणि हार मानावी लागली. ते आदिलशाहीत गेले. मोगलांच्या हद्दीपासून लांब राहावेत म्हणून त्यांना कर्नाटकात धाडलं. पुणे, चाकणकडची जहागीर मात्र त्यांच्याकडं राहिली.

1638 मध्ये बंगळूर जिंकलं आणि ते शहर त्यांना जहागीर म्हणून मिळालं. तिथं त्यांनी थाटात दरबार ठेवला. जयराम पिंड्ये यांच्यासारखे कवी त्यांच्या पदरी होते, अनेक भाषांतले पंडित येत असत.

आता इथं त्यांनी जो निर्णय घेतला त्यातून कर्ता पुरुष दिसतो. सगळं कुटुंब बंगळूरला थाटात ठेवणं सोपं होतं. पण तसं केलं असतं तर पुण्याकडची उजाड जमीन कायमची हातची गेली असती. त्यांनी संभाजीराजांना कर्नाटकात आपल्याजवळ ठेवलं. जिजाऊ आणि शिवबांना पुणे जहागिरीवर पाठवलं आणि सोबत शामराज नीळकंठ, सोनोपंत डबीर अशी जाणती माणसं दिली. नुसता सातबारा न देता जमीन कसायची माणसं दिली असं आपण आजच्या भाषेत म्हणू. लांब राहून घर चालवणं म्हणजे काय, हे चाकणच्या खोल्यांत राहून गावाकडं पैसे पाठवणाऱ्या कामगाराला वेगळं सांगायला नको.

बापासाठी किल्ला सोडला

25 जुलै 1648 रोजी जिंजीजवळ छावणीत पहाटे शहाजीराजांना कैद झाली. आदिलशाही सेनापती मुस्तफाखानाचा तो डाव होता आणि पकडायला मुधोळचे बाजी घोरपडे होते. बेड्या घालून त्यांना विजापूरला नेलं. इकडं शिवरायांवर आणि तिकडं संभाजीराजांवर एकदमच फौजा चालून गेल्या. दोन्ही भावांनी त्या परतवल्या. शिवरायांनी मोगल शहजादा मुरादबक्षशी पत्रव्यवहार करून विजापूरवर दाब आणला. शेवटी 16 मे 1649 ला राजे सुटले, पण किंमत मोजून. शिवरायांनी कोंढाणा दिला, संभाजीराजांनी बंगळूर सोडलं. किल्ला पुन्हा घेता येतो, बाप पुन्हा येत नाही, हे दोन्ही पोरांना समजलं होतं. वडिलांनी घर जसं धरून ठेवलं तसं पोरांनी वडिलांना धरलं.

पुढं काही वर्षांतच कनकगिरीच्या वेढ्यात संभाजीराजे मारले गेले. अफजलखानानं वेळेवर मदत दिली नाही असं म्हणतात. म्हाताऱ्या बापाला थोरला लेक गमवावा लागला.

1660 साली शायिस्ताखानानं आपल्या चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी 56 दिवस किल्ला लढवला. तेव्हा शहाजीराजे कर्नाटकात हयात होते. त्यानंतर ते मुलाला भेटायला आले. शिवराय वडिलांच्या पालखीसोबत पायी अनवाणी चालले असं बखरी सांगतात. बापलेकांची ती शेवटची भेट ठरली.

23 जानेवारी 1664 रोजी कर्नाटकात होदिगेरे इथं शिकारीत घोड्यावरून पडून राजांचं निधन झालं. त्यांची समाधी तिथंच आहे, आजच्या दावणगेरे जिल्ह्यात. जिजाऊ सती जायला निघाल्या होत्या. शिवरायांनी त्यांना परोपरीनं विनवून थांबवलं. म्हणूनच 1674 चा राज्याभिषेक त्या डोळ्यांनी पाहू शकल्या.

वाटणी झाली, पण घर राहिलं

खरी परीक्षा पुढं झाली. शहाजीराजांच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाई, त्यांचे चिरंजीव व्यंकोजीराजे. वडिलांची कर्नाटकातली जहागीर त्यांच्या ताब्यात राहिली आणि त्यांनी तंजावरला गादी स्थापली. 1677 ला शिवराय दक्षिणेत गेले तेव्हा त्यांनी धाकट्या भावाला भेटीला बोलावून वडिलांच्या मिळकतीतला निम्मा वाटा मागितला. व्यंकोजीराजे रात्रीतून तंजावरला निघून गेले. पुढं दोन्हीकडच्या फौजांत लढाईसुद्धा झाली.

तिथंच सगळं संपलं असतं. पण व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई आणि वडिलांच्या वेळचे कारभारी रघुनाथपंत हणमंते मध्ये पडले. तह झाला. जिंकलेलं बंगळूर शिवरायांनी भावजयीला चोळीबांगडीसाठी देऊन टाकलं. थोरल्यानं हात सैल केला आणि भाऊबंदकी मिटली. तंजावरची गादी 1855 पर्यंत टिकली.

चाकण परिसरात एमआयडीसी आली, गुंठ्याला सोन्याचा भाव आला आणि सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटू लागले. बांधावरून बोलणं बंद झालेली घरं प्रत्येक वाडीत आहेत. एका पिढीनं पोटाला चिमटा काढून जमीन राखली, दुसरी पिढी तिच्या पैशावरून तुटते. शहाजीराजांच्या पोरांमध्येही वाद झाला, तलवारी निघाल्या. पण त्यांनी घरातल्या शहाण्या बाईचं आणि जुन्या जाणत्या माणसाचं ऐकलं.

संग्रामदुर्गाची आता थोडी तटबंदी उरली आहे. 23 जानेवारीला तिकडून जाणं झालं तर तिथं एक फूल ठेवा. आणि भावाशी अबोला असेल तर त्या दिवशी एक फोन करा.