गांधीजींचे विलायतेतील पहिले दिवस

आपल्या वर्गात फळ्याच्या वर गांधीजींचा फोटो आहे. पंचा नेसून, हातात काठी घेऊन ते झपझप चालले आहेत. तो फोटो बघून मला वाटायचे, की गांधीजी लहानपणापासून असेच धीट असणार. पण दिवाळीच्या सुट्टीत गुरुजींनी मला त्यांचे आत्मचरित्र वाचायला दिले आणि माझा समज पार बदलला. त्यातली त्यांच्या शिक्षणाची हकिकत मी माझ्या शब्दांत इथे लिहिते.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी गुजरातमधील पोरबंदर येथे झाला. मोहनदास फार लाजाळू होता. शाळा सुटली, की कोणी आपल्याशी बोलू नये म्हणून तो घरी पळत सुटायचा. १८८७ साली तो मॅट्रिक पास झाला आणि भावनगरच्या सामळदास कॉलेजात गेला. तिथे प्राध्यापक काय शिकवतात तेच त्याला कळेना. सगळेच अवघड वाटू लागले. एक सत्र कसेबसे काढून तो घरी परत आला. होय, गांधीजीसुद्धा कॉलेज सोडून घरी आले होते!

घरी मावजी दवे नावाचे जुने स्नेही होते. त्यांनी मोहनला विलायतेला पाठवून बॅरिस्टर करावे असे सुचवले. वडील १८८५ सालीच वारले होते. आई पुतळीबाई तयार होईना. परमुलखात मुलगा बिघडेल अशी तिला भीती. शेवटी मोहनने दारू आणि मांस यांना शिवणार नाही व वागणूक शुद्ध ठेवीन अशी शपथ घेतली, तेव्हा तिने आशीर्वाद दिला. जातीच्या पंचांनी मात्र समुद्र ओलांडतो म्हणून त्याला वाळीत टाकले. तरी ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून तो बोटीत बसला. त्याचे वय तेव्हा १९ वर्षेही पुरे नव्हते.

बोटीवर पहिली अडचण आली ती जेवणाची. काट्या-सुरीने खायचे त्याला ठाऊक नव्हते. कोणत्या पदार्थात मांस आहे हे विचारायची लाज वाटायची. मग काय, घरून नेलेली मिठाई आणि फळे खोलीत बसून खायची!

विलायतेत उतरताना चांगले दिसावे म्हणून त्याने पांढरे फ्लॅनेलचे कपडे राखून ठेवले होते. पण सप्टेंबर संपत आला होता, तिथे थंडी पडू लागली होती. बघतो तर पांढऱ्या कपड्यातला तो एकटाच! सामान दुसऱ्याकडे सोपवलेले, दिवस शनिवारचा, दुसऱ्या दिवशी रविवार. म्हणून कपडे बदलायचीही सोय नव्हती. त्या संध्याकाळी डॉ. प्राणजीवन मेहता भेटायला आले. मोहनने त्यांची उंच रेशमी टोपी सहज हातात घेतली आणि उलटा हात फिरवून तिची लव विस्कटली. डॉक्टरांनी लगेच समज दिली, की दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, मोठ्याने बोलू नये. विलायतेतला हा पहिला धडा.

रात्री अंथरुणावर पडल्यावर आईची आठवण येऊन त्याला रडू यायचे. जेवण अळणी लागायचे. घरमालकीण पावाचे दोन-तीन तुकडे वाढायची, आणखी मागायला तो लाजायचा. असा तो अर्धपोटी राहिला. पण शपथ मोडली नाही. रोज दहा-बारा मैल पायपीट करून त्याने फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खानावळ शोधून काढली. विलायतेत तो पहिल्यांदा पोटभर जेवला तो तिथे.

६ नोव्हेंबर १८८८ रोजी त्याने इनर टेंपल या संस्थेत नाव घातले. तिथली रीत ऐकून तुम्हाला हसू येईल. बॅरिस्टर होण्यासाठी परीक्षा तर द्यावी लागेच, शिवाय १२ सत्रे भरावी लागत, आणि सत्र भरायचे म्हणजे संस्थेत जाऊन जेवायचे! दर सत्रात २४ जेवणे होत, त्यांतल्या निदान ६ जेवणांना हजर राहावे लागे. चार जणांच्या गटाला दारूच्या दोन बाटल्या मिळत. मोहन पीत नसे, म्हणून त्याला आपल्या गटात घ्यायला सगळे टपलेले असत.

सुरुवातीला त्यालाही वाटले, की साहेबासारखे झाले म्हणजे कोणी हसणार नाही. म्हणून त्याने १० पौंडांचा सूट शिवला. आरशासमोर दहा-दहा मिनिटे टाय बांधू लागला. नाच आणि व्हायोलिनही शिकू लागला. पण नाचात पाय तालावर पडेना. सुमारे तीन महिन्यांनी त्याचे त्यालाच कळले, की आपण इथे शिकायला आलो आहोत. त्याने ते खूळ सोडून दिले. पै-पैचा हिशोब लिहायला लागला, पुढे एका खोलीत राहून हाताने स्वयंपाक करू लागला. लंडनच्या मॅट्रिकला लॅटिन विषयात नापास झाला, तर पुन्हा बसून पास झाला. रोमन कायदा तर त्याने लॅटिनमधून वाचला.

१० जून १८९१ रोजी मोहनदास गांधी बॅरिस्टर झाले आणि १२ जूनला घरी यायला निघाले. आईला कधी सांगेन असे त्यांना झाले होते. पण ती आधीच वारली होती. मुंबईला उतरल्यावर त्यांना हे कळले. आईला दिलेली शपथ त्यांनी पाळली होती, पण ते ऐकायला ती नव्हती. हे वाचताना मला फार वाईट वाटले.

लाजाळूपणा तरीही गेला नव्हता. मुंबईच्या कोर्टात पहिल्याच खटल्यात त्यांना बोलता येईना, ते खाली बसले. पुढे १८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथे आपल्या लोकांवरचा अन्याय पाहून त्यांना बोलावेच लागले. तेच गांधीजी पुढे इंग्रज सरकारला भ्याले नाहीत.

आता माझे सांगते. गेल्या जूनला माझी थोरली ताई तालुक्याला आठवीत गेली. आपली गावाकडची बोली ऐकून काही मुली तिला हसल्या. आठव्या दिवशी ताई एस.टी.ने घरी आली ती परत गेलीच नाही. आता ती शेळ्या राखते. येत्या जूनला मलाही तिकडे जायचे आहे आणि खरं सांगू, मला लई भीती वाटते.

ही गोष्ट मी ताईला वाचून दाखवली. ती काहीच बोलली नाही. पण रात्री दिवा मालवल्यावर तिने हळूच विचारले, की गांधीजी पहिले कॉलेज सोडून किती दिवस घरी बसले होते. मी म्हटले, त्याच वर्षी विलायतेला गेले.

पालकसभेला आई आणि दादा येतील, तेव्हा हा कागद वाचतील. दादा, शेळ्या आजीकडे सोपवता येतील. जूनला आम्हा दोघींना एकाच एस.टी.त बसवून द्या. पहिले दिवस आम्ही दोघी मिळून काढू.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी