आधी वसतिगृह, मग शाळा : कर्मवीर भाऊराव पाटील

शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथात, माध्यमिक शाळा खेड्याच्या वेशीपर्यंत नेणाऱ्या एका थोर पुरुषाचे स्मरण व्हावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे. झाशीतील अनेक मराठी घराण्यांचे पूर्वज पेशवाईत उत्तरेकडे आले. महाराष्ट्राशी असलेले नाते आपण भाषा, सणवार आणि कुळाचार यांतून जपले. परंतु विसाव्या शतकात तिकडच्या खेड्यांतून माध्यमिक शाळा कशा उभ्या राहिल्या, ही कथा आपल्या नव्या पिढीच्या कानांवर क्वचितच पडते. कर्मवीर भाऊराव पाटील हे त्या कथेचे नायक होत.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस होते. भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात शिकले, पण मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाहीत. कोल्हापूरच्या वास्तव्यात राजर्षी शाहू महाराजांचे कार्य मात्र त्यांना जवळून पाहता आले. निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराजांनी वसतिगृहे उघडली होती. तो संस्कार भाऊरावांच्या मनावर कायमचा कोरला गेला. पुढे त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या आणि ओगले, किर्लोस्कर यांच्या कारखान्यांच्या मालाची विक्री करीत गावोगाव फिरले. या भटकंतीत त्यांना खेडे आतून कळले, आणि सत्यशोधक विचारांनी त्या अनुभवाला दिशा दिली.

त्या काळी खेड्यातील मुलाचे शिक्षण बहुधा चौथी-पाचवीपाशी थांबे. हायस्कूल असे ते जिल्ह्याच्या किंवा एखाद्या मोठ्या गावी. मुलगा हुशार असला, फी माफ झाली, तरी शहरात त्याने राहावे कोठे आणि जेवावे काय, हा प्रश्न उरेच. दलित मुलाला तर पैसे देऊनही खोली मिळत नसे. खेड्यातील मूल आणि हायस्कूल यांच्यामध्ये निवारा आणि दोन वेळची भाकरी यांची अडचण उभी आहे, हे भाऊरावांनी नेमके ओळखले. म्हणून त्यांनी आरंभ वसतिगृहापासून केला.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 1924 साली संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सारी मुले तेथे एका पंक्तीस बसत आणि स्वयंपाकाची व झाडलोटीची कामे वाटून घेत. पंक्तिभेद कसोशीने पाळण्याच्या त्या दिवसांत हे धाडसच होते.

झाशीत लक्ष्मीबाई हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे अश्वारूढ राणी उभी राहते. साताऱ्याच्या या वसतिगृहाचा आधारही एक लक्ष्मीबाईच होत्या. भाऊरावांच्या या पत्नीने सोवळ्या-ओवळ्याचे संस्कार बाजूस सारून परक्या लेकरांना आईची माया दिली. कोठीत धान्य उरले नाही, तेव्हा एकेक दागिना मोडला, आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. 1930 साली त्या निवर्तल्या. संस्थेचे पहिले हायस्कूल निघण्यास तेव्हा दहा वर्षांचा अवकाश होता.

शाळा उघडायच्या तर शिक्षक हवेत, आणि खेड्यात आनंदाने राहणारे हवेत. यासाठी 1935 साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय सुरू झाले. त्यातून बाहेर पडलेले शिक्षक लहानसहान वाड्यावस्त्यांवरील प्राथमिक शाळांत गेले. त्यानंतर 1940 साली महाराजा सयाजीराव हायस्कूल हे मोफत, निवासी माध्यमिक विद्यालय स्थापन झाले. येथील मुले शेतात राबत, विहिरी खणत, दगड फोडत आणि आपल्या शिक्षणाचा खर्च श्रमातून भागवत. कमवा आणि शिका या योजनेचा हेतू पैसा वाचविण्यापुरता नव्हता. शिक्षण कोणाच्या उपकाराने घेतले, अशी बोच मुलाच्या मनात राहू नये, हा त्यामागचा खरा विचार होता.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ 101 हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच सुमारास सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. एवढ्या मोठ्या संसाराचा भार एकाएकी अंगावर आला. अशा वेळी रयतच धावून आली. कोणी जागा दिली, कोणी दगड-लाकूड दिले, तर घराघरांतून मूठ मूठ धान्य बाजूस काढले गेले. पुढे लोकमताच्या रेट्याने अनुदान पूर्ववत झाले. पण दरम्यान गावकऱ्यांना शाळा आपली वाटू लागली होती, आणि ही जोड कोणत्याही अनुदानापेक्षा मोलाची ठरली. ज्या हायस्कुलासाठी मुलाला गाव सोडावे लागे, ते आता गावातच आले.

1959 साली पुणे विद्यापीठाने मॅट्रिकही न झालेल्या भाऊरावांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. 9 मे 1959 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तोवर संस्थेची हायस्कुले शंभरावर गेली होती आणि महाविद्यालयेही उभी राहिली होती. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह आहे, आणि तिचा विस्तार पाहता ते सार्थ वाटते.

माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे हे चरित्र ठेवताना एकच गोष्ट निवेदन करावीशी वाटते. शाळेची इमारत एकदा बांधून होते, शाळा मात्र प्रत्येक पिढीला नव्याने उभी करावी लागते. आपल्या मुलखापासून दूर, मराठी माध्यमाची शाळा चालवताना तर हे पदोपदी जाणवते. गरजू मुलाची वह्या-पुस्तके, ग्रंथालयासाठी एखादे कपाट, आठवड्यातून एक तास वाचन घेण्यास येणारा माजी विद्यार्थी, हीच आपली मूठभर धान्याची परंपरा होय. हीरक महोत्सवाच्या वर्षी ती आपल्या घराघरांतून सुरू व्हावी, हेच कर्मवीरांना उचित अभिवादन ठरेल.