जॅक ट्राइस : दोन सामने आणि चौऱ्याहत्तर वर्षे

अमेरिकेच्या आयोवा राज्यात एम्स नावाचे एक गाव आहे. तेथील आयोवा स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये साठ हजारांहून अधिक प्रेक्षक बसू शकतात. अशा भव्य वास्तूला नाव मिळते ते बहुधा एखाद्या मोठ्या देणगीदाराचे, वर्षानुवर्षे संघ घडविणाऱ्या प्रशिक्षकाचे किंवा विक्रमवीर खेळाडूचे. एम्सचे स्टेडियम मात्र जॅक ट्राइस या विद्यार्थ्याच्या नावाने ओळखले जाते. कॉलेजच्या मुख्य संघातून तो अवघे दोन सामने खेळला. दुसरा सामना त्याला पुरा करता आला नाही आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, वयाच्या २१व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. ही घटना १९२३ सालची. स्टेडियमला त्याचे नाव लाभले ते १९९७ मध्ये. मधल्या ७४ वर्षांची हकिगत त्याच्या आयुष्याइतकीच जाणून घेण्याजोगी आहे.

मराठी वाचकांना एम्स हे गाव अगदीच अपरिचित नाही. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकाने ते मराठी घराघरांत पोहोचविले आहे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे या कॉलेजचे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी घेऊन ते दक्षिणेतील टस्कीगी येथे गेले आणि तेथील गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी त्यांनी आयुष्य वेचले. त्यानंतर पाव शतकाने जॅक ट्राइस त्याच कॉलेजात आला, तो जवळपास तेच स्वप्न उराशी बाळगून.

जॅकचे पूर्ण नाव जॉन जी. ट्राइस. १९०२ मध्ये ओहायो राज्यातील हायराम या छोट्या गावी त्याचा जन्म झाला. त्याचे वडील ग्रीन ट्राइस अमेरिकी लष्कराच्या कृष्णवर्णीय घोडदळात सैनिक होते. गुलामगिरी संपून चार दशके उलटली नव्हती. त्या पिढीतील कृष्णवर्णीयांना सन्मानाने जगण्याच्या ज्या थोड्या वाटा खुल्या होत्या, त्यांपैकी सैन्य ही एक. जॅक सात वर्षांचा असताना वडील गेले. आई ॲना यांनी त्याला एकटीने वाढविले.

हायराममध्ये बहुसंख्य वस्ती गोऱ्यांची होती. तेथे मुलाला फारसा दुजाभाव सोसावा लागत नव्हता, आणि नेमकी हीच गोष्ट आईला काळजीत टाकणारी वाटली. पुढच्या आयुष्यात कृष्णवर्णीय म्हणून ज्या अडचणींना तोंड द्यावे लागणार, त्यांची ओळख वेळीच व्हावी, या विचाराने त्यांनी जॅकला क्लीव्हलँड शहरात नातेवाइकांकडे शिकायला ठेवले. तेथील ईस्ट टेक्निकल हायस्कूलमध्ये तो फुटबॉल खेळू लागला.

हा फुटबॉल म्हणजे भारतात खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला अंगबळाने रोखणे, त्याला जमिनीवर पाडणे, हा अमेरिकी फुटबॉलचा गाभा. विसाव्या शतकाच्या आरंभी चामड्याच्या पातळ टोपीपलीकडे डोक्याला फारसे संरक्षण नसे. सामन्यात हाडे मोडणे ही नित्याची बाब होती. उंचापुरा आणि धिप्पाड जॅक ‘टॅकल’ या जागेवर खेळत असे. धडका देणे आणि धडका झेलणे हेच या जागेवरच्या खेळाडूचे मुख्य काम.

ईस्ट टेक्निकलचे प्रशिक्षक सॅम विलामन यांची १९२२ मध्ये आयोवा स्टेट कॉलेजात नेमणूक झाली. त्यांच्यापाठोपाठ जॅक आणि त्याचे काही सहकारीही एम्सला गेले. खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन पोसण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती, त्यामुळे जॅकला पडेल ते काम करून शिक्षणाचा खर्च भागवावा लागे. त्याने पशुसंवर्धन हा विषय निवडला होता. पदवी घ्यायची आणि दक्षिणेत जाऊन तेथील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना आधुनिक शेतीची वाट दाखवायची, असा त्याचा बेत होता. याच सुमारास कोरा मे या तरुणीशी त्याचा विवाह झाला.

त्या काळच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. त्यामुळे जॅकला १९२३ च्या हंगामाची वाट पाहावी लागली. तो आयोवा स्टेटचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होता. ज्या आंतरमहाविद्यालयीन मंडळात हा संघ खेळत असे, त्यातील काही संस्थांचा कृष्णवर्णीय खेळाडूविरुद्ध मैदानात उतरण्यास विरोध होता. म्हणजे संघात जागा मिळाली तरी प्रत्येक सामना खेळायला मिळेलच, याची त्याला शाश्वती नव्हती. त्याचा पहिला सामना सिम्प्सन कॉलेजविरुद्ध झाला. एम्सला येण्यापूर्वी कार्व्हर ज्या कॉलेजात शिकले, तेच हे सिम्प्सन.

दुसरा सामना ६ ऑक्टोबर १९२३ रोजी मिनियापोलिस येथे मिनेसोटा विद्यापीठाशी होता. मिनेसोटाचा संघ बलाढ्य होता. सामन्याच्या आदल्या रात्री हॉटेलच्या कागदावर जॅकने काही ओळी लिहिल्या. हे पत्र त्याने कोणाला पाठविले नाही. ते स्वतःसाठीच होते. उद्याच्या सामन्यात आपल्या वंशाचा, घराण्याचा आणि स्वतःचा मान पणाला लागला आहे, लोकांची आपल्याकडून मोठी अपेक्षा आहे आणि ती आपण शरीर-मन झोकून देऊन पूर्ण करू, असा त्याचा आशय. खेळताना कोणती दक्षता घ्यायची, याच्या सूचनाही त्याने स्वतःला दिल्या होत्या. एकवीस वर्षांच्या मुलाला एका सामन्यासाठी साऱ्या वंशाचा भार खांद्यावर घ्यावा लागला, ही गोष्ट त्या काळाविषयी पुष्कळ काही सांगून जाते. त्याच्या गोऱ्या सहकाऱ्यांपुढे त्या रात्री फक्त सामना होता.

सामना सुरू होताच पहिल्या काही क्षणांत जॅकच्या गळपट्टीचे हाड मोडले. तरीही तो मैदान सोडायला तयार झाला नाही. तिसऱ्या सत्रात प्रतिस्पर्ध्यांची फळी रोखण्यासाठी त्याने त्यांच्या पायांत स्वतःला झोकून दिले. हा डाव तेव्हा सर्रास खेळला जाई. धोकादायक म्हणून पुढे त्याच्यावर बंदी आली. या झटापटीत जॅक पाठीवर पडला आणि मिनेसोटाचे खेळाडू त्याला तुडवून गेले. आपण ठीक आहोत, असे तो सांगत होता. पण त्याला उभेही राहता येईना. त्याला मैदानाबाहेर काढून इस्पितळात नेण्यात आले. प्रवास करण्यास हरकत नाही, असा निर्वाळा डॉक्टरांनी दिला आणि त्याच रात्री आगगाडीत गवताच्या गादीवर निजवून त्याला एम्सला आणण्यात आले. मिनेसोटाने तो सामना २०-१७ असा जिंकला. ८ ऑक्टोबरला अंतर्गत रक्तस्रावाने जॅकचा मृत्यू झाला.

त्याला हेतुपुरस्सर तुडविले गेले काय, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. तो कृष्णवर्णीय असल्यानेच लक्ष्य झाला, असे काहींचे मत. तो त्या क्रूर खेळाचाच एक अपघात होता, असे दुसऱ्यांचे. निर्विवाद पुरावा कोणत्याही बाजूने पुढे आला नाही. मात्र मिनेसोटाबरोबरचे सामने १९२४ नंतर आयोवा स्टेटने चालू ठेवले नाहीत. हे दोन संघ पुन्हा समोरासमोर आले ते १९८९ मध्ये.

अंत्यविधीसाठी कॉलेजच्या मध्यवर्ती प्रांगणात हजारो विद्यार्थी आणि अध्यापक जमले. जॅकच्या कोटाच्या खिशात सापडलेले ते पत्र कॉलेजचे अध्यक्ष रेमंड पिअरसन यांनी सर्वांसमोर वाचून दाखविले. अंत्यविधीचा खर्च आणि ॲना यांच्या घरावरचे कर्ज यांसाठी दोन हजार डॉलरहून अधिक निधी गोळा झाला. ॲना यांनी पुढे पिअरसन यांना पत्र लिहून आभार मानले. मुलाच्या आयुष्यातून तेथील विद्यार्थ्यांना काही लाभले असेल, तर ते व्यर्थ गेले नाही, असे मानण्याची त्यांची तयारी होती; पण एकुलता एक मुलगा गेल्यावर आपण एकाकी उरलो आहोत, हेही त्यांनी लपविले नाही. जॅकला हायराम येथे दफन करण्यात आले. त्याचे पत्र कोरलेला एक पट कॉलेजच्या व्यायामशाळेत लावण्यात आला.

येथवरचा कॉलेजचा व्यवहार नेकीचा होता. पण विद्यार्थी दर चार वर्षांनी बदलतात. पुढच्या पिढ्यांना जॅक ट्राइस ठाऊक असण्याचे कारण उरले नाही. व्यायामशाळेतला पट धूळ खात राहिला. १९५७ मध्ये टॉम एमर्सन या विद्यार्थ्याची नजर त्यावर गेली आणि त्याने कॉलेजच्या नियतकालिकात लेख लिहिला. तो वाचला गेला आणि विषय पुन्हा मागे पडला.

खरी चळवळ उभी राहिली ती १९७३ मध्ये, जॅकच्या मृत्यूला ५० वर्षे होत असताना. विद्यापीठाचे नवे स्टेडियम तेव्हा उभारले जात होते. इंग्रजीचे अध्यापक चार्ल्स सोन यांच्या वर्गाने जॅकच्या आयुष्याचा शोध घेतला आणि नव्या स्टेडियमला त्याचे नाव द्यावे, अशी मागणी पुढे आली. विद्यार्थी प्रतिनिधी मंडळाने ती उचलून धरली; हजारो सह्या गोळा झाल्या. आयोवा राज्यातच या मागणीला एक ताजे उदाहरण होते. आयोवा सिटी येथील विद्यापीठाच्या स्टेडियमला १९७२ मध्ये नाइल किनिक याचे नाव देण्यात आले होते. कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च मानला जाणारा हाइजमन करंडक किनिकने १९३९ मध्ये पटकावला होता आणि १९४३ मध्ये नौदलाच्या सरावादरम्यान विमान कोसळून त्याचा मृत्यू झाला होता. किनिकच्या गाठीशी देशभराची कीर्ती होती. ट्राइसच्या गाठीशी दोन सामने आणि एक पत्र. मान नेमका कशाचा करायचा, पराक्रमाचा की निष्ठेचा, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

अधिकाऱ्यांनी मागणी सरळ फेटाळली नाही. ती लांबणीवर टाकली. बांधकामाचे कर्ज फिटल्याखेरीज नावाचा विचार नको, अशी भूमिका घेतली गेली. १९७५ मध्ये स्टेडियम खुले झाले ते जॅकच्या नावावाचूनच. चळवळ सुरू करणारे विद्यार्थी पदव्या घेऊन निघून गेले. पण दर वेळी नवी तुकडी तो विषय हाती घेत राहिली. अखेर १९८४ मध्ये तडजोड झाली. स्टेडियमला संघाच्या टोपणनावावरून ‘सायक्लोन’ हे नाव मिळाले आणि आतल्या मैदानाला ट्राइसचे. विद्यार्थ्यांचे त्यावर समाधान झाले नाही. त्यांनी स्वतः निधी जमवून १९८८ मध्ये जॅकचा पुतळा उभा केला. शिल्पकार ख्रिस्तोफर बेनेट यांनी त्याला खेळाडूच्या वेषात घडविले नाही. कोट-टाय घातलेला एक विद्यार्थी हातातले पत्र वाचतो आहे, असे ते शिल्प आहे. ३० ऑगस्ट १९९७ रोजी संपूर्ण स्टेडियमला जॅक ट्राइसचे नाव देण्यात आले. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत कृष्णवर्णीय व्यक्तीचे नाव लाभलेले ते पहिले स्टेडियम ठरले.

खेळाच्या जगात स्मृतिपुरस्कार, करंडक, निवृत्त केलेले गणवेश-क्रमांक आणि नामफलक यांची वाण नसते. बहुतेकांच्या बाबतीत नाव तेवढे उरते, माणूस विसरला जातो. जॅक ट्राइसच्या वाट्याला याच्या उलट आले. पटाने त्याला विस्मृतीपासून वाचविले नाही. परंतु पट होता म्हणून ३४ वर्षांनी कोणाला तरी त्याचे पत्र वाचता आले. आणि ज्यांनी त्याला पाहिले नव्हते, ज्यांपैकी बरेचसे गोरे होते, त्या विद्यार्थ्यांनी त्याच्यासाठी २४ वर्षे आग्रह धरला. तो आग्रह नसता तर व्यायामशाळेतल्या पटापलीकडे हा सन्मान गेला नसता.

२०२२-२३ या वर्षात विद्यापीठाने त्याच्या मृत्यूची शताब्दी पाळली. त्या निमित्ताने २०२२ मध्ये त्याला मरणोत्तर पदवी देण्यात आली. स्टेडियमपेक्षाही हा सन्मान त्याच्या मूळ इच्छेच्या अधिक जवळचा म्हणावा लागेल. ओहायोहून तो एम्सला आला होता ते या पदवीसाठी, आणि पदवी हवी होती ती दक्षिणेतल्या शेतकऱ्यांपर्यंत जाण्यासाठी. कार्व्हर यांना त्या शेतकऱ्यांसाठी जवळपास अर्धे शतक मिळाले. ट्राइसला ती वाट धरताच आली नाही. त्याची पदवी आली, तेव्हा त्या शेतकऱ्यांची नातवंडेही म्हातारी झाली होती.