पालथा पत्ता आणि केन यूस्टन: माहिती गळते तेव्हा चूक कोणाची?

सिक्युरिटीबद्दल वाचताना 'साइड चॅनल' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. एन्क्रिप्शन भक्कम असतं, गणितात कुठेच खोट नसते, पण उत्तर द्यायला प्रोसेसरला किती वेळ लागला किंवा त्याने किती वीज ओढली, एवढ्यावरून आतली गुप्त किल्ली हळूहळू उघडी पडते. १९९६ मध्ये पॉल कोचर या संशोधकाने नुसता वेळ मोजून किल्ली कशी काढता येते हे दाखवून दिलं. कुलूप फोडायची गरजच नाही, मालक ते उघडताना कसा वागतो तेवढं बघायचं.

मी बॅकएंडवर काम करतो. टीममधल्या नवीन मुलांना ही कल्पना सांगताना मी प्रोसेसरपासून सुरुवात करत नाही, ब्लॅकजॅकच्या डीलरपासून करतो. आणि डीलर आला की केन यूस्टन येतोच. आज त्याचीच गोष्ट.

आधी खेळ समजून घेऊ

ब्लॅकजॅक म्हणजे आपला एकवीसचा खेळ. एक्का १ किंवा ११, गुलाम-राणी-राजा प्रत्येकी १०, बाकीचे पत्ते जेवढ्यास तेवढे. बेरीज २१ च्या जवळ न्यायची, पण २१ च्या वर गेलात की मेलात. तुमची लढत फक्त डीलरशी. त्याचा एक पत्ता उताणा असतो, एक पालथा. आणि त्याला स्वतःचं डोकं चालवायची मुभा नसते: १६ पर्यंत पत्ता घ्यायचाच, १७ झाले की थांबायचं. म्हणजे डीलर हा एक ठरलेला प्रोग्रॅमच आहे. त्याचा एकच व्हेरिएबल आपल्यापासून लपवलेला असतो, तो म्हणजे पालथा पत्ता.

समजा तुमच्याकडे १६ आहेत आणि डीलरची दश्शी उताणी आहे. पुस्तकी उत्तर असं की पत्ता घ्या. ६ किंवा त्याहून मोठा पत्ता आला तर तुम्ही बाद, म्हणजे १३ पैकी ८ वेळा, जवळपास ६२ टक्के. तरी घ्यायचा, कारण डीलरकडे २० असण्याची भीती असते. आता कल्पना करा, डीलरने पत्ता सरकवताना कोपरा जरा जास्तच उचलला आणि तुम्हाला खाली छक्की दिसली. म्हणजे त्याच्याकडेही १६ आहेत आणि त्याला पत्ता घ्यावाच लागणार आहे. तुम्ही गप्प बसायचं. तेच ६२ टक्के आता त्याच्या गळ्यात! पत्ते तेच, नियम तेच, फक्त एक व्हेरिएबल गळला.

नीट खेळणाऱ्यावर कॅसिनोची आघाडी साधारण अर्धा टक्का असते. चांगला पत्ते मोजणारा ती उलटवून स्वतःकडे एखादा टक्का आणतो. प्रत्येक डावात पालथा पत्ता कळत असेल तर ही आघाडी दहा टक्क्यांच्या घरात जाते.

शेअर बाजारातला साहेब

केनचं जन्मनाव केनेथ सेन्झो उसुई. जन्म न्यूयॉर्कमध्ये, १२ जानेवारी १९३५ चा. वडील जपानी, आई ऑस्ट्रियातली. पोरगा इतका हुशार की सोळाव्या वर्षी येलमध्ये दाखल झाला, मग हार्वर्डमधून एमबीए. टेलिफोन कंपनी, कन्सल्टिंग, सिमेंट कंपनी असं करत करत सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅसिफिक स्टॉक एक्सचेंजमध्ये सिनियर व्हाइस प्रेसिडेंट झाला. शिवाय जॅझ पियानो वाजवायचा. आपल्याकडे घरच्यांनी आयुष्यभर मिरवावं असा बायोडेटा.

त्या काळात एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाचं 'बीट द डीलर' हे १९६२ चं पुस्तक गाजलेलं होतं. थॉर्पने आयबीएम ७०४ या कॉम्प्युटरवर हिशेब करून सिद्ध केलं होतं की ब्लॅकजॅकला स्मृती असते. वाटून झालेले पत्ते परत येत नाहीत, त्यामुळे उरलेल्या कॅटमध्ये दश्श्या, चित्रं आणि एक्के जास्त राहिले की पारडं खेळणाऱ्याकडे झुकतं. अशा वेळी पैज वाढवायची, एरवी कमी ठेवायची. झालं.

अडचण एवढीच की पैज अचानक वाढवली की कॅसिनोवाल्यांच्या लगेच लक्षात येतं.

एक काम, अनेक माणसं

यावर तोडगा काढला अल फ्रान्सेस्कोने. त्याने एकाचं काम अनेकांत वाटून टाकलं. टीममधले काही जण वेगवेगळ्या टेबलांवर बसून किरकोळ पैज लावत मुकाट पत्ते मोजायचे. पत्ते अनुकूल झाले की खूण करायचे. मग श्रीमंत, बेफिकीर दिसणारा एक गडी डुलत डुलत यायचा, मोठी रक्कम लावायचा आणि जिंकून पुढच्या टेबलाकडे जायचा. त्याने एकही पत्ता मोजलेला नसायचा, त्यामुळे संशय घ्यायचा तरी कशावरून? एमआयटीच्या पोरांवरचा '२१' हा सिनेमा बघितला असेल तर ही पद्धत तुम्हाला माहीत आहे. तिचं मूळ इथे आहे.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर यूस्टन या टीममध्ये आला. आधी मोजणारा होता, मग तो डुलत येणारा श्रीमंत गडी झाला. भूमिका त्याला फारच शोभली, आणि स्टॉक एक्सचेंजची खुर्ची मागे पडली.

१९७७ मध्ये त्याने एका सहलेखकाबरोबर 'द बिग प्लेअर' हे पुस्तक काढलं आणि सगळी पद्धत जगासमोर मांडली. फ्रान्सेस्को दुखावला. ज्या माणसाला त्याने आत घेतलं, त्यानेच घरचं सगळं चव्हाट्यावर आणलं होतं. आपल्या क्षेत्रात एखादी त्रुटी सापडली की ती कधी आणि कोणाला सांगायची याचे संकेत आहेत. इथे तसा संकेत नव्हता, पण सोबत्यांचं पोट त्याच गुपितावर होतं. माझ्या मते यूस्टनच्या आयुष्यातली सगळ्यात न पटणारी गोष्ट हीच. यूस्टन प्रसिद्ध झाला आणि किंमत इतरांनीही मोजली.

गळणारे डीलर

१९८१ मध्ये त्याचं 'मिलियन डॉलर ब्लॅकजॅक' आलं. पत्ते मोजण्याबरोबरच त्यात निष्काळजी डीलरचा फायदा कसा घेतात तेही सविस्तर होतं. त्याचे मुख्य प्रकार तीन.

पहिला, फ्रंट लोडिंग. डीलर पालथा पत्ता उताण्या पत्त्याखाली सरकवताना नको तेवढा उचलतो आणि खुर्चीत खाली घसरून बसलेल्या माणसाला तो समोरून दिसतो. दुसरा, फर्स्ट बेसिंग. उताणा एक्का किंवा दश्शी असेल तर आपले २१ झालेत का हे बघायला डीलर पालथ्या पत्त्याचा कोपरा वाकवतो, आणि अगदी कडेच्या खुर्चीवरच्या माणसाला तो दिसून जातो. तिसरा, स्पूकिंग. डीलरच्या पाठीमागे, दुसऱ्याच टेबलावर बसलेला साथीदार पत्ता बघतो आणि खुणेने कळवतो.

यात कोणी पत्त्यांवर खूण करत नाही, डीलरला पैसे चारत नाही. असा गळका डीलर शोधत तासन् तास हिंडणं, हेच खरं काम.

आणि एक गंमत बघा. तुमच्याकडे १९ आहेत, डीलरची दश्शी उताणी आणि खाली राजा दिसला. म्हणजे तो २० वर बसलाय, थांबलात तर हार नक्की. गणित सांगतं पत्ता घ्या: दुर्री आली तर २१, एक्का आला तर बरोबरी. पण १९ वर पत्ता मागणारा माणूस अख्ख्या कॅसिनोत सापडणार नाही. मागितलात की वर कॅमेऱ्यामागे बसलेल्याला कळलंच म्हणून समजा. त्यामुळे अशा ठिकाणी मुद्दाम हरावं लागतं. चोरून मिळालेली माहिती पूर्ण वापरली की तिचा स्रोत बंद होतो, हे गुप्तहेरांनाही लागू आहे आणि हॅकर्सनाही.

डोळा चालेल, कॅमेरा नाही

यूस्टनने यंत्राचीही मदत घेऊन बघितली. कीथ टॅफ्ट या इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियरने ब्लॅकजॅकसाठी अंगावर बाळगायचा कॉम्प्युटर बनवला होता. पहिलं मॉडेल सात किलोच्या आसपास, मायक्रोप्रोसेसर आल्यावर प्रकरण पुष्कळ लहान झालं. बुटातली बटणं पायाच्या बोटांनी दाबून पत्ते भरायचे आणि काय खेळायचं ते पायालाच थरथरीने कळायचं. १९७० चं दशक होतं हे, स्मार्टवॉचच्या कितीतरी आधी! यूस्टनच्या टीमने अशा यंत्रांवर थोड्याच दिवसांत एक लाख डॉलर्सच्या वर कमावले. मग एक यंत्र पकडलं गेलं आणि तपासायला एफबीआयकडे गेलं. तिथे निष्कर्ष निघाला की यंत्र सगळ्यांना दिसणारीच माहिती वापरतं, म्हणून ते फसवणुकीचं साधन नाही.

पुढे टॅफ्टच्या गटाने पट्ट्याच्या बकलात बारीक कॅमेरा बसवला आणि पालथ्या पत्त्याचं चित्र कॅसिनोबाहेर उभ्या असलेल्या गाडीत पाठवायला सुरुवात केली. १९८४ मध्ये हे पकडलं गेलं आणि शिक्षा झाली. १९८५ मध्ये नेवाडा राज्याने कायदाच केला: खेळताना कुठल्याही उपकरणाची मदत घेणं गुन्हा.

त्याच दशकात नेवाडातल्या न्यायालयासमोर साध्या डोळ्यांनी पालथा पत्ता बघणाऱ्यांचंही प्रकरण आलं. आपल्या जागेवर बसून, कुठलंही साधन न वापरता जे दिसलं ते वापरणं ही फसवणूक नाही, असं तिथे ठरलं. पत्ता झाकणं हे डीलरचं काम.

म्हणजे रेघ अशी आखली गेली: डोळा आणि मेंदू तुमचा असेल तर चालेल. इलेक्ट्रॉनिक्स आलं की तुरुंग.

कोर्टात

पण गुन्हा नसला तरी कॅसिनो तुम्हाला बाहेर काढू शकतं का? नेवाडात यूस्टनने दावे लावले, पण तिथे यश आलं नाही. तो वेषांतर करून खेळत राहिला. १९७८ मध्ये न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीत पहिला कॅसिनो उघडला आणि तो तिकडे गेला. ३० जानेवारी १९७९ पासून रिसॉर्ट्स इंटरनॅशनलने त्याला ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसायला मनाई केली. कारण एकच, हा पत्ते मोजतो.

यूस्टन लढला. १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. खेळाचे नियम ठरवण्याचा अधिकार राज्याच्या कॅसिनो आयोगाचा आहे, आयोगाने असा नियम केलेला नाही, म्हणून नुसतं डोकं चालवतो या कारणावरून कॅसिनो त्याला हाकलू शकत नाही. तिथे हा निकाल आजही लागू आहे.

मग कॅसिनोवाल्यांनी काय केलं? माणसाला अडवता येईना म्हणून सिस्टीम बदलली. एकाऐवजी आठ-आठ कॅट एकत्र आणले, म्हणजे एक पत्ता गेल्याने शिल्लक फारशी बदलत नाही. शंका आली की पत्ते मध्येच पिसून टाकायचे. पालथ्या पत्त्याचं भोकही असंच बुजवलं गेलं. टेबलातच एक छोटी खाच बसवली, त्यात पत्त्याचा कोपरा सरकवला की फक्त डीलरला कळतं. कोपरा वाकवून बघायची गरजच संपली. आपण ज्याला पॅच म्हणतो तो हाच.

पॅक-मॅन आणि नंतर

त्याच सुमारास यूस्टनला व्हिडिओ गेम्सचा नाद लागला. 'मास्टरिंग पॅक-मॅन' हे त्याचं पुस्तक धो धो खपलं. विचार तोच: पॅक-मॅनमधली भुतं स्वतःच्या मनाने फिरत नाहीत, तुमच्या हालचालींना ठरलेल्या नियमांनी उत्तर देतात. तोच रस्ता तसाच पुन्हा गेलात तर भुतंही तशीच वागतात. म्हणून रस्ता पाठ करायचा. डीलर असो नाहीतर भूत, त्याला दोन्ही प्रोग्रॅमच दिसत होते. मग घरगुती कॉम्प्युटर कसा घ्यावा, कसा वापरावा यावरही त्याने पुस्तकं लिहिली. एका अर्थाने आपल्यासारख्या साइटवर जे चालतं तेच काम.

१९ सप्टेंबर १९८७ रोजी पॅरिसमधल्या भाड्याच्या घरात तो मृतावस्थेत सापडला. वय ५२, कारण हृदयविकार. पुढे ब्लॅकजॅक हॉल ऑफ फेम सुरू झालं तेव्हा पहिल्या सात जणांत त्याचं नाव होतं. त्याच यादीत थॉर्प आहे आणि फ्रान्सेस्कोही.

हे वाचून कोणी मांडवीतल्या कॅसिनो बोटीकडे धावू नका. यातलं बरंचसं आता बुजवलेलं आहे. मला यातून कामाला येतो तो न्यायालयातला मुद्दा. कोड रिव्ह्यू करताना एरर मेसेजमधून युजरनेम अस्तित्वात आहे की नाही हे कळत असेल, किंवा चुकीच्या पासवर्डला उत्तर जरा लवकर जात असेल, तर बघणाऱ्याला दोष देऊन उपयोग नसतो. त्याने फक्त खुर्चीत जरा खाली घसरून बघितलेलं असतं. पत्ता आपण उचललेला असतो.