औषध नव्हे, विष! – रेचेल कार्सन यांची जीवनकथा



आमच्या धर्माबाद भागात कापूस-सोयाबीनवर फवारणी सुरू झाली की लेकरं सांगतात, बाबा औषध मारायला गेलेत. गेल्या वर्षी एक मुलगा फवारणीच्या रिकाम्या बाटलीत पाणी घेऊन शाळेत आला. घरी धुतली होती म्हणे! त्या दिवशी मी वर्गात रेचेल कार्सन यांची गोष्ट सांगितली.

रेचेल यांचा जन्म 27 मे 1907 रोजी अमेरिकेतील स्प्रिंगडेल येथे झाला. घरची परिस्थिती बेताची. आईनं त्यांना रानात फिरवून पक्षी, किडे ओळखायला शिकवलं. 1932 मध्ये त्या प्राणिशास्त्रात एम.ए. झाल्या. पुढे सरकारी मत्स्य विभागात नोकरी केली. 1951 च्या समुद्रावरील पुस्तकानं त्या प्रसिद्ध झाल्या.

त्या काळी तिकडे डीडीटी सर्रास फवारलं जाई. झाडावरचं विष गळलेल्या पानांतून गांडुळांत गेलं आणि गांडुळं खाणारे रॉबिन पक्षी मरू लागले. रेचेल यांनी असे अनेक पुरावे गोळा करून 1962 मध्ये 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक लिहिलं.

त्यात त्या थेट पेशीपर्यंत गेल्या. पेशीतील तंतुकणिका ऊर्जा तयार करतात. काही रसायनं हेच काम बिघडवतात. काही रसायनं गुणसूत्रांना इजा करतात. गुणसूत्रांवर जनुकं असतात, म्हणून हा बिघाड पुढच्या पिढीतही जाऊ शकतो. किडा असो, पक्षी असो की माणूस, पेशीचं मूळ काम सारखंच चालतं. म्हणून कीटकनाशकाला जीवनाशक म्हणावं, असं त्यांनी सुचवलं.

रसायन कंपन्यांनी त्यांच्यावर सडकून टीका केली. त्याच वेळी त्यांना कर्करोग झाला होता. तरी 1963 मध्ये त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. सगळी रसायनं बंद करा असं त्यांचं म्हणणं नव्हतं; जपून आणि माहिती घेऊन वापरा, एवढंच होतं. 14 एप्रिल 1964 रोजी त्यांचं निधन झालं. 1972 मध्ये अमेरिकेनं पिकांवर डीडीटी वापरायला बंदी घातली.

आपल्याकडे 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. म्हणून मुलांना सांगूया: रिकामी बाटली, डबा घरात वापरायचा नाही, फवारलेल्या रानात जायचं नाही. आणि पालकहो, आजपासून घरात त्याला औषध म्हणू नका. विष म्हटलं की लेकरू आपोआप हात मागे घेतं.