जमशेटजी टाटा : घाटाचे पाणी आणि बंगळूरची संस्था

खोपोलीच्या बाजूने बोरघाटाकडे पाहिले, म्हणजे डोंगराच्या उतरणीवरून खाली आलेले लोखंडी नळ नजरेस पडतात. पावसाळ्यात लोणावळ्यास जाणारी मंडळी धबधबे पाहून परततात. नळांकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक तेही धबधबेच आहेत, फक्त कामाला जुंपलेले. ज्यांच्या मनात ही कल्पना घर करून बसली होती, ते जमशेटजी नसरवानजी टाटा. त्या नळांतून पाणी उतरण्यापूर्वी अकरा वर्षे ते निवर्तले होते.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी बडोदे संस्थानातील नवसारी येथे एका पारशी उपाध्याय घराण्यात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८५८ साली ते शिक्षण पुरे करून बाहेर पडले आणि वडिलांच्या पेढीवर बसले. १८६८ मध्ये एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःचा व्यापार मांडला. सगळे गिरणीवाले मुंबईकडे धावत असता त्यांनी नागपूर निवडले, कारण कापूस जवळ आणि वरोऱ्याचा कोळसाही जवळ. तेथील एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्यांची पोलाद, हॉटेल वगैरे कामगिरी सर्वांस ठाऊक आहे, म्हणून ती येथे सोडून देतो.

मुंबईच्या गिरण्या तेव्हा वाफेवर चालत. कोळसा बंगालमधून किंवा परदेशातून आणावा लागे. भाडे भारी, आणि गिरणगावावर बारा महिने धुराचे छत्र. उलट सह्याद्रीच्या माथ्यावर चार महिने पाऊस कोसळतो आणि समुद्राला मिळून जातो. डेव्हिड गॉसलिंग नावाच्या मुंबईच्या अभियंत्याने हे पाणी लोणावळ्याच्या आसपास अडवून वीज करण्याची योजना मांडली, आणि जमशेटजींनी ती उचलून धरली. गणित साधे आहे. पाणी किती आहे एवढ्यावरच वीज ठरत नाही, ते किती उंचीवरून पडते यावरही ठरते. घाटमाथा व खोपोली यांत सुमारे सतराशे फुटांचा उतार आहे. अडचण होती ती आठ कोरड्या महिन्यांची. तिच्यासाठी तलाव हवेत.

आपल्या वाचकांना हे अपरिचित नाही. घटप्रभेच्या गोकाक धबधब्यावरील गिरणी १८८७ पासून पाण्याच्या जोरावर चालत होती, आणि म्हैसूर संस्थानाने शिवनसमुद्रावर वीज निर्माण करून १९०२ साली ती कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नव्वदाहून अधिक मैल नेली.

पण मला अधिक मोठी वाटते ती त्यांची दुसरी धडपड. बी. ए. होऊन कचेरीत कारकुनी करणे, ही त्या काळच्या पदवीधराची वाट. संशोधन करावे असे वाटले तरी प्रयोगशाळा कोठे होती? १८९२ मध्ये जमशेटजींनी परदेशी उच्च शिक्षणासाठी एक निधी स्थापिला. दान म्हणून पैसे न देता ते कर्जाऊ द्यायचे, मिळवते झाल्यावर विद्यार्थ्याने फेडायचे आणि त्यातून पुढच्याला पाठवायचे, अशी योजना होती. आरंभी निधी पारशांपुरता होता. लवकरच तो सर्वांना खुला केला गेला. पहिल्या लाभार्थींत फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्रिया होत्या. कृष्णाबाईंनी पुढे कोल्हापुरात डॉक्टर म्हणून नाव मिळवले.

मूठभर मुले विलायतेस पाठवून भागणार नाही, हेही त्यांनी ओळखले. १८९८ साली त्यांनी संशोधनाचे विद्यापीठ काढण्यासाठी तीस लाख रुपयांची मिळकत देऊ केली. बर्जोरजी पादशहा यांना परदेशच्या संस्था पाहण्यास पाठवले. डिसेंबरअखेर योजना नवे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्यापुढे गेली. कर्झनसाहेबांच्या शंका दोन : एवढे लायक विद्यार्थी येणार कोठून, आणि शिकून बाहेर पडल्यावर त्यांना काम कोण देणार? शंका खोडसाळ होत्या असे मी म्हणणार नाही. आमच्या वर्गातला मुलगा आज सौरऊर्जेवर संशोधन करू म्हणतो, तेव्हा त्याचे वडील दुसरा प्रश्न अगदी तसाच विचारतात. परंतु वीजघर बांधले म्हणजे विजेचे अभियंते लागतात, आणि अभियंते असले तरच वीजघर बांधता येते. कोणी तरी एका टोकाने सुरुवात केली पाहिजे. जमशेटजींनी दोन्ही टोके एकदम धरली होती.

रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमझी यांनी देशभर हिंडून बंगळूर पसंत केले. म्हैसूरचे दिवाण शेषाद्री अय्यर अनुकूल होते. तरी सरकारी कागद वर्षानुवर्षे फिरत राहिले. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जमशेटजी वारले. संस्था नाही, वीज नाही, पोलादही नाही. मृत्युपत्रात मात्र त्यांनी विद्यापीठाचा वाटा बाजूला काढून ठेवला होता, आणि दोराबजी व रतनजी या पुत्रांनी तो मोडला नाही. म्हैसूर दरबारने ३७१ एकर जमीन दिली. १९०९ मध्ये सरकारी मंजुरी मिळाली आणि १९११ च्या जुलैत पहिले विद्यार्थी दाखल झाले. सुरुवातीच्या विभागांत रसायनाच्या जोडीला विद्युत तंत्रविद्या होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत लोणावळ्याच्या धरणकामाची कोनशिला बसली, आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईस पोहोचली. जुनी एंजिने टाकून वीज घ्यायला गिरणीमालक आधी कचरतच होते.

या कथेला दुसरी बाजू आहे, ती लपवू नये. टाटांच्याच पुढच्या योजनेत मुळशीला धरण आले, मावळ्यांच्या भातजमिनी पाण्याखाली जाऊ लागल्या, आणि १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरण शेवटी झालेच. धुराविना आलेली वीजही कोणाच्या तरी शेतावरून येते, हे मुळशीच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागले नाही.

बंगळूरची ती संस्था तेथील जुन्या माणसांच्या तोंडी अजून टाटा इन्स्टिट्यूटच आहे. तेथे १९७४ साली अमूल्य रेड्डी यांनी खेड्यांसाठी तंत्रविद्येचे केंद्र काढले. सुधारलेल्या चुली, शेणाचा गॅस अशा विषयांवर तेथे संशोधन झाले, आणि तुमकूर जिल्ह्यातील पुरा या गावी गोबर गॅसवर वीज करून घरांत दिवे लावले गेले व पाण्याचा पंप चालवला गेला. १८९२ चा तो निधीही चालू आहे. राजा रामण्णा आणि आपल्या कोल्हापूरचे जयंत नारळीकर त्यावरच इंग्लंडला गेले होते. कर्ज अजून कर्जच आहे, फेडावे लागते.